कापलेला खर्ज

सूरबहाराच्या खालच्या तारा पितळेच्या असतात. त्यांच्यावर अर्धा तास जरी बोटं फिरली, तरी डाव्या हाताला एक आंबूस, ओलसर वास चिकटून राहतो आणि तो साबणाने जात नाही. चिंचेने जातो म्हणतात, पण मी कधी चिंच लावून पाहिली नाही, कारण तो वास मला प्रिय होता. लातूरच्या एका शिकवणीवर्गात मी बारावीच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवते. फळ्यावर तरंगलांबीचं सूत्र लिहिताना खडूच्या धुळीतून मध्येच तो पितळेचा वास नाकाशी यायचा, आणि सूत्राबाहेरही आपलं काही आहे याचं एक छुपं सुख मला व्हायचं. गेल्या आश्विनापासून चैत्रापर्यंत मात्र तो वास माझ्या बोटांना एकदाही आला नाही. वाद्य घरात होतं, माझ्या खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरीही तो का आला नाही, ते सांगायला मी आज बसले आहे, आणि सांगण्यासारखं त्यात काही नाही हे मला ठाऊक आहे.

ज्यांनी सूरबहार पाहिला नाही त्यांना मी तो सतारीचा थोरला भाऊ म्हणून सांगते, आणि सांगताना दर वेळी अपुरं वाटतं. भोपळा मोठा, दांडी रुंद, तारा जाड, पडदे लांबलांब. एकाच पडद्यावर तार बाजूला ओढत नेली की त्या एका जागेतून पाचसहा स्वर ओळीने निघतात, आणि ती ओढ, म्हणजे मींड, पेलायला बोटाची कातडी मेलेली असावी लागते. आमच्या मराठवाड्यात जुन्या बारवा आहेत. सतार बारवेच्या काठावरून पाणी पाहते, तर सूरबहार पायऱ्या उतरून पाण्यात पाय टाकतो. आलापासाठी, म्हणजे ज्यांना कुठे जायची घाई नाही अशा माणसांसाठी घडलेलं हे वाद्य. म्हणूनच आता ते दुर्मिळ झालं आहे. जुन्या काळी ते फक्त पोटच्या पोरांना शिकवत, असंही सांगतात. मला ते शिकवलं ते विष्णुपुरीच्या धरणावर पंप चालवणाऱ्या एका माणसाने.

मी तेव्हा विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होते. संध्याकाळी वसतिगृहातून निघून धरणाच्या बाजूला पाय मोकळे करायला जायची सवय होती. गोदावरीच्या अडवलेल्या पाण्यावर सायंप्रकाश पसरलेला असायचा, बाभळीची पिवळी फुलं वाटेवर पडलेली असायची, आणि या सगळ्याच्या तळाशी पंपांची अखंड घरघर. एके दिवशी वीज गेलेली होती, पंप बंद होते, तरीही ती घरघर चालूच होती. अभियांत्रिकी शिकणाऱ्या पोरीला हे कसं सहन व्हावं? मी आवाजाच्या मागे गेले, तर कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत एका ओट्यावर बनियन घातलेला एक काळासावळा माणूस डोळे मिटून एका अवाढव्य वाद्याची सगळ्यात खालची तार छेडत बसला होता. तार विझत आली की पुन्हा छेडत होता. बाकी काहीच करत नव्हता. पाऊण तास मी तिथे उभी राहिले.

ते वाघमारे काका. पंपघरात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. पंपाचं बेअरिंग जायला आलं की ते इतरांच्या आधी काकांना कळायचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि दोन मिनिटं डोळे मिटायचे. सूर आधी हाडाला कळतो आणि मग कानाला, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि सूरबहारही त्यांनी मला याच न्यायाने शिकवला. त्यांना तो नांदेडच्या एका वृद्ध मुसलमान वादकाकडून मिळाला होता. त्या वादकाचे वडील कधीकाळी हैदराबादहून आले होते, मुलगे मात्र परदेशी नोकरीला गेले आणि वाद्याकडे ढुंकूनही पाहिनात. तेव्हा म्हाताऱ्याने, पोटचा नाही तर नाही, ऐकणारा तर आहे, म्हणून हातातलं वाद्य या पंपवाल्याच्या हातात ठेवलं. पहिले आठ महिने काकांनी मला एकच तार वाजवू दिली. मी कंटाळून सरगम मागितली की हसून म्हणायचे, आधी तळ तर बघ.

त्या घराबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून एक लाज आहे, तीही इथेच सांगून टाकते. मी कुणाकडे शिकायला जाते हे कळल्यावर आमच्या शेतकरी घरातून मला विरोध झाला नाही. आईने फक्त पाण्याची एक बाटली हातात ठेवली. ऊन फार आहे, जवळ असू दे, म्हणाली. ऊन नव्हतं तेव्हाही ती बाटली माझ्यासोबत असायची. वर्षभर मी त्या घरी बसून माझ्याच बाटलीतलं पाणी प्याले. काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, रोज पाण्याचा तांब्या भरून माझ्याजवळ ठेवायच्या आणि रोज तसाच उचलून न्यायच्या. पुढे मला माझीच शरम वाटली आणि मी बाटली सोडली. पण सोडली तेव्हाही तोंडाने काही कबूल केलं नाही, नुसता तांब्या उचलून प्याले. गप्प राहून सुधारायची ही माझी जुनी खोड आहे.

तीसबत्तीस वर्षं पंपांच्या गदारोळात काढल्यावर काकांचे कान जाऊ लागले. कान वरून खाली जातात, हे मी मुलांना शिकवते. आधी तीव्र स्वर जातात आणि मग एकेक पायरी खाली. काकांच्या बाबतीत ते अगदी पुस्तकाप्रमाणे घडलं. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिटी, मग बुद्धविहारातली पेटी, मग माणसांच्या बोलण्यातली अक्षरं. नुसता हेल ऐकू यायचा, शब्द नाही. काकू ओरडून बोलायला लागल्या, इतक्या की त्यांच्या घरी आज कोणती भाजी आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक असायचं. निवृत्तीनंतर ते नांदेडच्या एका वसाहतीत राहायला गेले, आणि मी लातूरहून भेटायला, त्यांच्याच वाद्यावर तासभर वाजवायला गेले की दर खेपेला आणखी एखादी गोष्ट त्यांच्या कानांतून गेलेली असायची. सूरबहाराच्याही वरच्या तारा गेल्या. राहिला तो खर्ज. वरचा मजला रिकामा झाला, तळघर शाबूत आहे, असं ते स्वतःच थट्टेने सांगायचे. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं की एक दिवस हेही जाईल. रोज संध्याकाळी ते भोपळ्याला गालाचं हाड टेकवून खर्जाची तार छेडायचे. आहे का अजून, एवढंच पाहायचे.

गेल्या वर्षी लातूरच्या एका संगीतसभेचं मला निमंत्रण आलं. माझ्यासारख्या हौशी बाईला कोण बोलावणार? पण सूरबहार वाजवणारं दुसरं कुणी त्यांना जवळपास सापडलं नसावं. काकांना कळलं तेव्हा त्यांनी आपलं वाद्य स्वतःहून माझ्या हवाली केलं. त्यांची एकच इच्छा होती. आजवर त्यांनी ते वाद्य मांडीवर घेऊनच ऐकलं होतं. ते म्हणाले, "मी वाजवतो तवा हाडात ऐकू येतंय. एकडाव समोर बसून ऐकायचंय मला. मोठ्या हॉलात. हाय तवर." शेवटचे दोन शब्द मी ऐकले आणि मान डोलावली. या माणसाने मला सगळं दिलं होतं आणि बदल्यात एक संध्याकाळ मागितली होती.

दोन महिने वाद्य माझ्याकडे होतं. मी रियाज केला, पण कसा, ते मलाच माहीत. सराव परीक्षांचे दिवस होते, सकाळी सहापासून वर्ग. उरलेल्या वेळात मी मधल्या सप्तकातलं, थोडं चमकणारं, थोडं वेगाचं तेवढं घोटून घेतलं. पूरिया वाजवायचा होता, आणि पूरिया हा तळातच नांदणारा राग. मंद्र सप्तकातल्या गांधारापर्यंत तार ओढत न्यायची, तिथे थांबायचं आणि श्वासभर त्याला धरून ठेवायचं. माझी बोटं मऊ झाली होती. तार ओढली की स्वर थरथरायचा, मुक्कामाला पोचण्याआधीच धापा टाकायचा. दोनतीनदा प्रयत्न केला आणि होईल वेळेवर, म्हणून सोडून दिला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मला तर पुढे वाकडं अंगणही आयतंच मिळालं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ध्वनिक्षेपकाची चाचणी होती. बाजारात नवं सोयाबीन आलं होतं आणि त्याचा धुळकट, कच्च्या तेलाचा वास सभागृहापर्यंत येत होता. ध्वनिव्यवस्था पाहणारे इस्माईलभाई पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. मी खालची तार छेडली तशी दोन्ही बाजूंची स्पीकरची खोकी घुमू लागली. ते म्हणाले, दहा मिनिटं द्या, माइक सरकवून पाहतो, नाहीतर खालचा आवाज थोडा कापावा लागेल. मी म्हटलं, कापून तर बघा. त्यांनी एक कळ फिरवली, मी खालच्या तारेवर गांधाराची मींड घेतली, आणि सभागृहात काहीच उमटलं नाही. माझा थरथरणारा गांधार नाहीसा झाला होता. वरचं तेवढं उरलं होतं, स्वच्छ, गोड, थेट सतारीसारखं. मला हायसं वाटलं, हे मी लपवणार नाही. इस्माईलभाईंनी दोनदा विचारलं. त्यांच्यावर काही ठपका नाही. "खालचं सगळं जाईल, मॅडम. चालेल?" मी म्हटलं, चालेल.

संध्याकाळी काका आले. गुडघ्यांमुळे काकूंना प्रवास झेपत नव्हता, म्हणून एकटेच अहमदपूरमार्गे एसटीने आले होते. पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन, दाढी ताजी. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मी वाजवायला लागले तेव्हा मला माझा खर्ज ऐकू येत होता, कारण भोपळा माझ्या अंगाला टेकलेला होता. पण व्यासपीठ उंच, वरती पंखे, आणि खोक्यांतून येत होता तो नुसता वरचा झंकार. काका पुढे झुकले. मग त्यांनी कानामागे हात धरला. मग ते उठले आणि कडेच्या खोक्याजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी आपला पंजा त्या खोक्यावर ठेवला, जसा पूर्वी पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचे तसा, आणि डोळे मिटले. मी मंद्रातच होते. माझी बोटं खाली होती, मींड खाली होती, आणि त्यांच्या हाताखालचं खोकं मुकं होतं. पुष्कळ वेळाने त्यांनी हात काढून घेतला, घडी घालून मांडीवर ठेवला आणि ते नुसते माझ्या बोटांकडे पाहत राहिले. हे सगळं मी व्यासपीठावरून पाहिलं. मी थांबू शकले असते. इस्माईलभाईंना एक खूण केली असती तरी पुरे होतं. मी लय वाढवली आणि पुढे गेले.

टाळ्या पडल्या. काकांनीही वाजवल्या, शेजारच्यांकडे पाहून.

नंतर आतल्या खोलीत माणसांची गर्दी झाली. कुणीतरी हार घातला, कुणी म्हणालं, इतकं मधुर वाद्य कधी ऐकलं नव्हतं. काका कोपऱ्यात गवसणी हातात धरून उभे होते. गर्दी विरळ झाल्यावर जवळ आले आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "हात लई चांगला फिरला, पोरी. माझं खालचंबी गेलं आता." आवाजात तक्रार नव्हती. ज्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली तो पाहुणा अखेर आला, एवढंच ते सांगत होते. मग त्यांनी वाद्य स्वतःच्या हातांनी गवसणीत घातलं, नाड्या बांधल्या, आणि ते आता माझ्याकडेच राहू दे म्हणाले. वाद्य ऐकणाऱ्याच्या घरी असलं पाहिजे. त्यांनाही ते असंच मिळालं होतं.

त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं. माझा हात आणि स्वतःचा कान या दोहोंपैकी एक खोटा आहे, असं त्या माणसापुढे आलं होतं, आणि त्याने आपला कान खोटा मानला होता. शिष्येच्या हाताबद्दल त्याला शंकाही आली नव्हती. वाक्य माझ्या घशाशी आलं. पण बहिऱ्या माणसाला कबुली कुजबुजून देता येत नाही. ती ओरडून द्यावी लागते, आणि खोलीत अजून माणसं होती, माझ्या गळ्यात हार होता. मी वाकून त्यांना नमस्कार केला. त्याहून वाईट मला काही सुचलं नसतं. बसस्थानकावर त्यांना गाडीत बसवून दिलं, खिडकीतून त्यांनी हात हलवला, तिथेही मी गप्प राहिले. आणि आणखी एक सांगते, म्हणजे काही उरायला नको: घरी परत येताना वाद्य आता माझं झालं या विचाराने मला आनंद झाला होता. थोडासा, पण झाला होता.

त्यानंतर मी गवसणी सोडली नाही. हात लावायची हिंमत होईना. दिवाळी गेली, थंडी आली, लातूरभोवतीची हरभऱ्याची शेतं घाट्यांनी भरली. मी रोज ठरवायचे की रविवारी नांदेडला जायचं, आणि रविवारी एखादी चाचणी निघायची. स्वतःची समजूत घालायला विज्ञानही कामी येतं. तसाही तो कान कधीतरी जाणारच होता, थोडा आधी गेला असं वाटलं तर काय बिघडलं, असा हिशेबी विचार मी एकदा खरोखर केला. वर्गात नाद हा धडा आला तेव्हा एका मुलीने विचारलं की माणसाला ऐकू येणारी सर्वांत कमी कंपनसंख्या किती. मी आकडा सांगितला आणि पाठ फिरवून फळा पुसत राहिले.

फाल्गुनात काकूंचा फोन आला. मागणं काहीच नव्हतं. लातूरला कानाचा चांगला डॉक्टर आहे का, एवढंच विचारत होत्या. बोलता बोलता कळलं की काका विहारात जायचे थांबले आहेत. वंदनेच्या वेळी सगळ्यांचा मिळून जो एक घनगंभीर सूर लागतो तो पूर्वी त्यांना ऐकू यायचा, आता येणार नाही म्हणून जाऊन पाहतही नाहीत. रस्त्यावरून ट्रक गेला तर मान वळवतात, पण म्हणतात, पायाला जाणवला. कानाचं यंत्र नको म्हणतात. दिवसभर खिडकीशी बसून असतात. मी म्हटलं, चौकशी करते डॉक्टरांची. असं मी म्हणाले! आणि त्यानंतरही दहा दिवस घेतले.

चैत्रातल्या एका रविवारी सकाळी मी सूरबहार घेऊन नांदेडच्या गाडीत चढले. वाहकाने वाद्याकडे आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, ह्याला खिडकी पायजे का? सगळी गाडी हसली, मीही हसले, आणि लोहा गाव येईपर्यंत वाद्य घट्ट धरून बसले. रस्त्याकडेचे निंब फुलले होते. त्यांचा तो कडवटगोड गंध उघड्या खिडक्यांतून आत येत होता, आणि इतर कुठल्याही वर्षी मी त्याच्यावर खूश झाले असते.

काका ओट्याशेजारच्या खोलीत शेंगा फोडत बसले होते. मला पाहून हसले, वाद्याकडे पाहून मात्र त्यांनी हात हलवला. कशाला आणलंस, अशा अर्थाने. मी बसले, गवसणी सोडली, तार मिळवली आणि खर्ज छेडला. ते शेंगा फोडत राहिले. पुन्हा छेडला. त्यांचा हात थांबला. तिसऱ्यांदा छेडला तेव्हा त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, सरकत जवळ आले आणि गाल भोपळ्याला टेकवला. कितीतरी वेळ तसेच राहिले. मग डोळे उघडून काकूंना हाका मारायला लागले. "आलं गं, परत आलं. खालचं परत आलं!"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांचा चेहरा इतका उजळला होता की माझ्यापुढे एक नवीनच वाट उघडली, आधीच्या सगळ्या वाटांपेक्षा सोपी. काही बोलायचंच नव्हतं. चमत्कार झाला होता आणि तो माझ्या हातून झाला होता. नुसतं हसून मान डोलावली असती तर मी त्या घरात जन्मभर लक्ष्मीच्या पावलांची ठरले असते. डोलावणारच होते मी. पण दारातून काकू माझ्याकडे पाहत होत्या. आनंद नव्हता त्यांच्या डोळ्यांत. त्या माझा चेहरा वाचत होत्या.

मी म्हटलं, काका, तुमचा कान गेलाच नव्हता. ते म्हणाले, "काय?" मी आवाज चढवला: त्या दिवशी मी खालचा आवाज कापायला लावला होता. ते माझ्या ओठांकडे पाहत पुन्हा म्हणाले, "काय?" समोरच्या घरातली बाई दारात आली. गल्लीतून जाणारा एकजण थांबला. मी गळा फाडून तिसऱ्यांदा ओरडले, "मी आवाज कापला होता, काका. तुम्हाला ऐकू येऊ नये असा कापला होता." आणि हे बोलल्यावर मला कळलं की हे असंच होतं. गर्दीसाठी नाही, सोयीसाठी नाही. माझा कच्चा हात त्या एका माणसाला ऐकू येऊ नये म्हणूनच मी ते केलं होतं, कारण त्या सभागृहात तो ओळखणारा दुसरा कुणी नव्हता.

काकांना कळलं. ते कळणं त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं. मग त्यांनी विचारलं, कामून? मला त्याचंही उत्तर ओरडूनच द्यावं लागलं. हात कच्चा होता. रियाज केला नव्हता. समोरच्या बाईने मान वळवली, तिलाही अवघडल्यासारखं झालं असावं.

काकांनी मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाले, "कच्चा तर कच्चा. मी ऐकला असता की."

यापुढे ते माझ्याशी बोलले नाहीत. रागाने वाद्य हिसकावून घेतलं असंही नाही. हात पुढे केले, मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. वाद्याविना आठ महिन्यांत त्यांच्या बोटांचीही कातडी नरम पडली होती. पहिली मींड मध्येच मोडली, दुसरीही मोडली. त्यांनी मला ऐकू जाईल याची पर्वा केली नाही, पुन्हा ओढली. मी भिंतीला टेकून बसले होते. कुणी मला बस म्हटलं नव्हतं आणि ऊठही म्हटलं नव्हतं. दुपारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी उठले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

फाटकापर्यंत काकू आल्या. रिकाम्या हातांचं काय करावं ते मला कळत नव्हतं. त्या म्हणाल्या की हे सहा महिने काही बोलायला जावं तर काका हातानेच थांबवायचे, नको म्हणायचे, आता काही उपयोग नाही म्हणायचे. पुढे काकूंनीही बोलायचं सोडलं. "मला वाटलं, माझ्यावरच रुसलाय." गुडघा धरून त्या फाटकाला टेकल्या. ज्या बाईची भाजी गल्लीला ठाऊक असायची तिचा आवाज इतका खाली गेला होता की रस्त्यावरच्या रिक्षाखाली तो बुडत होता. मी मनात काकांचा हिशेब घेऊन आले होते. या बाईचं काही माझ्याकडे निघेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग त्या आणखी काहीतरी म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता, निंबाच्या खाली पडलेल्या फुलांकडे पाहत, अगदी हळू. चारसहा शब्द असतील. मी वाकले, कान पुढे केला आणि विचारलं, "काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आतून खर्ज ऐकू येत होता, मोडत, पुन्हा उभा राहत. "काही न्हाई," काकू म्हणाल्या. "जा. गाडी चुकंल."

काकांनी तीनदा विचारलं होतं आणि तीनदा मला सांगावं लागलं होतं. काकूंना मी एकदाच विचारू शकले.